आई, मला दिसतच नाही गं!

निकाल लागला त्या रात्री लेक जेवली नाही. ताट झाकून ठेवलं, दोनदा हाक मारली, शेवटी दार ढकलून आत गेले. पलंगावर पुस्तक उघडं टाकून भिंतीकडे तोंड करून पडली होती. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष. गणिताचा पेपर, ज्याला ही मुलं 'एम-थ्री' म्हणतात, दुसऱ्यांदा राहिला होता. आणखी दोन विषय आधीच डोक्यावर होते. हा सुटला नाही तर वर्ष वाया जाणार, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"काय अडतंय नेमकं?" मी विचारलं.

बराच वेळ काही बोलली नाही. मग भिंतीकडेच बघत म्हणाली, "आई, मला ते दिसतच नाही गं. सर म्हणतात, वक्र डोळ्यासमोर आणा. माझ्या डोळ्यासमोर काहीच येत नाही. नुसती अक्षरं दिसतात."

मी दिवा बंद करून बाहेर आले. ओट्यापाशी उगाचच उभी राहिले. कारण हे वाक्य मी ओळखत होते. १९९७ साली सांगलीत, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, अगदी हेच मी माझ्या मैत्रिणीला म्हटलं होतं.

आमच्या घरात माझ्या शिक्षणाची गोष्ट ठरलेली आहे. बी.एस्सी.ला गणितात चांगले मार्क होते, एम.एस्सी.ला गेले, मग स्थळ आलं, लग्न ठरलं आणि शिक्षण सुटलं. ऐकणारा हळहळतो, "त्या काळी असंच होतं हो," म्हणतो. मीही मान डोलावते. गेली पंचवीस-सव्वीस वर्षं दहावीपर्यंतच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. भूमितीच्या आकृत्या फळ्यावर हाताने सरळ काढते, पट्टी लागत नाही. पण त्या आकृत्या सपाट असतात. त्रिकोण, वर्तुळ, समांतर रेषा. फळ्यातून बाहेर येणारं काही मी कधी शिकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचं पुस्तक उघडून बसले. प्रश्न होता तो असा : एक्स म्हणजे कॉस टी, वाय म्हणजे साइन टी आणि झेड म्हणजे अर्धा टी. हा वक्र अक्षाशी सगळीकडे सारखाच कोन करतो, हे सिद्ध करा. शेजारी पुस्तकात एक आकृती होती. तीही अशी की स्प्रिंग आहे की कुणी पेन चालतं का बघायला गिरगोटा केलाय, कळू नये.

आमच्याच मजल्यावर एक मुलगा राहतो, भौतिकशास्त्रात पीएच.डी. करतोय. त्याला जिन्यात गाठलं. म्हटलं, "अरे, असे वक्र काढून दाखवणारं काही असतं का रे?"

"काकू, ग्नूप्लॉट टाका की," तो म्हणाला. "फुकट आहे. पण एक सांगतो, त्यात बटणं-बिटणं नाहीत. टाइप करावं लागतं."

संध्याकाळी येऊन त्याने आमच्या जुन्या लॅपटॉपवर ते चढवून दिलं. हा प्रोग्रॅम थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली या दोघांनी १९८६ साली लिहिला. म्हणजे मी तेव्हा शाळेत होते! नावाची गंमत अशी, की त्यांना 'न्यूप्लॉट' म्हणायचं होतं. पण त्या नावाचा दुसरा एक भिकार प्रोग्रॅम आधीच कॉलेजात होता. म्हणून उच्चारात कोटी करून 'ग्नूप्लॉट' केलं. 'ग्नू' नावाची जी मोठी सॉफ्टवेअर चळवळ आहे, तिच्याशी या नावाचा संबंध नाही. चाळीस वर्षं होत आली, अजूनही जगभरची संशोधक मंडळी आलेख काढायला तो वापरतात.

उघडला आणि माझा चेहरा उतरला. काळी खिडकी, त्यात 'ग्नूप्लॉट' एवढा शब्द, पुढे एक बाण आणि लुकलुकणारी रेघ. ना चित्र, ना मेनू. एखाद्या अबोल माणसासमोर बसल्यासारखं वाटलं. आपण काही बोललो तरच तो बोलणार!

"हे काय गं आई, माउसने होतं असं एखादं ॲप घे ना," लेक म्हणाली. तिचंही खरंच होतं, तशी ॲप्स मिळतात. पण दोन-तीन दिवसांत माझ्या लक्षात आलं, की या अबोलपणातच त्याचा गुण आहे. इथे वक्र हवा असेल तर त्याची तिन्ही सूत्रं आपणच लिहायची. माउसने ओढून आणता येत नाही. म्हणजे समजल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही.

पहिल्यांदा सांगायचं 'सेट पॅरामेट्रिक'. (इथे छापायला देवनागरीत लिहिते आहे, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.) याचा अर्थ काय, ते लेकीला सांगताना मला बरणीवरची मुंगी आठवली. समजा, लोणच्याच्या बरणीवर एक मुंगी गोल गोल फिरत वर चढतेय. कुठल्याही क्षणी ती कुठे आहे, हे सांगायला तीन गोष्टी लागतात. मधल्या बिंदूपासून पूर्वेला किती, उत्तरेला किती आणि वर किती. घड्याळ पुढे सरकतं, तशा या तिन्ही गोष्टी बदलतात. ते घड्याळ म्हणजे पुस्तकातला 'टी'. त्रिमिती चित्रात ग्नूप्लॉट त्याला 'यू' म्हणतो, एवढंच. आपण एकेका 'यू'ला मुंगी कुठे आहे ते सांगायचं, तो ठिपके मांडून जोडत जातो.

घड्याळ कुठून कुठे चालवायचं, तेही सांगायचं : 'सेट यूरेंज', कंसात शून्य ते सहा पाय. दोन पाय म्हणजे एक वेढा, म्हणून सहा पाय म्हणजे तीन वेढे. आणि मग मुख्य हुकूम, 'एसप्लॉट'. त्यापुढे तिन्ही सूत्रं, मध्ये स्वल्पविराम.

लेकीने पुस्तकात बघून टाइप केलं. कॉस यू, साइन यू, आणि तिसरं कंसात एक भागिले दोन, गुणिले यू. एंटर मारलं. खिडकी उघडली.

आणि आत एक वर्तुळ! सपाट! चौकटीच्या मध्यावर तरंगणारी एक साधी बांगडी.

"बघ!" ती म्हणाली. "याच्यातसुद्धा मला दिसत नाही." आणि उठून गेली.

मी बसून राहिले. सूत्र तपासलं, बरोबर. परत टाइप केलं, परत बांगडी. मुंगी तीन वेढे घेत होती, पण एक केसभरही वर चढत नव्हती. त्या रात्री अकरापर्यंत मी लॅपटॉपसमोर होते. नवरा दोनदा डोकावून गेला. "झोप आता, तुझी परीक्षा आहे का?" म्हणाला. मी काही बोलले नाही. माझ्या पोटात तोच जुना गोळा आला होता. सगळ्यांना दिसतंय, मलाच दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना लेकीला म्हटलं, "माझं सोड, पण तो मशीन खाली काहीतरी इंग्रजीत बडबडतो बघ. ते काय म्हणतोय, तेवढं वाचून दे." नाखुशीनेच आली. काळ्या खिडकीत एक ओळ होती, आम्ही दोघींनी आदल्या दिवशी न वाचताच सोडलेली. झेडची व्याप्ती रिकामी आहे, शून्य ते शून्य. मी ती उणे एक ते एक करून घेतो आहे, असं तो सांगत होता.

"शून्य ते शून्य?" ती पुटपुटली. "म्हणजे झेड सगळीकडे शून्यच येतोय. पण यू तर शून्य नाही. मग हा अर्धा..." आणि तिने पटकन टाइप केलं, 'प्रिंट एक भागिले दोन'. उत्तर आलं, शून्य.

एक भागिले दोन शून्य! मी दहावीच्या मुलाच्या वहीत असं बघितलं असतं तर लाल फुली मारली असती. पण लेक एकदम ओरडलीच, "आई! इंटिजर डिव्हिजन! अगं, सी लँग्वेजमध्ये पण असंच होतं. दोन्ही आकडे पूर्णांक दिले की उत्तरही पूर्णांकच देतं, मागचं सगळं कापून टाकतं. अर्धं द्यायचं असेल तर ०.५ लिहायचं!"

०.५ लिहिलं. एंटर. बांगडी उसवली आणि चौकटीत खालपासून वरपर्यंत तीन वेढ्यांचा एक सुंदर, सावकाश चढत जाणारा जिना उभा राहिला.

खरं सांगते, त्या जिन्यापेक्षा मी लेकीकडेच बघत होते. कित्येक महिन्यांनी गणितासमोर बसून ती हसत होती. मला न सुटलेलं तिने सोडवलं होतं, आणि ते तिला कळलं होतं.

मग आम्हाला नादच लागला. माउस दाबून ओढला की चित्र फिरतं. वाटेल त्या बाजूने बघावं. नेमक्या बाजूने बघायचं तर 'सेट व्ह्यू' म्हणून दोन अंश द्यायचे. 'सेट व्ह्यू शून्य, शून्य' दिलं, की आपण वरून, थेट डोक्यावरून बघतो. तीन वेढ्यांचा जिना पुन्हा एकच वर्तुळ झाला. थोडं अंडाकृती दिसलं, तर 'सेट व्ह्यू इक्वल एक्सवाय' म्हटल्यावर गोल झालं. मग 'सेट व्ह्यू नव्वद, शून्य'. आता आपण बाजूला, जमिनीच्या पातळीवर. आणि काय आश्चर्य, वर्तुळ गेलं आणि खालून वर जाणारी नागमोडी लाट दिसायला लागली. वक्र तोच. उभं राहण्याची जागा तेवढी बदलली. लेक बराच वेळ शून्य-नव्वद, शून्य-नव्वद करत बसली. "म्हणजे साइन-कॉसची लाट आणि वर्तुळ हे वेगळं नव्हतंच कधी," ती स्वतःशीच म्हणाली. मी अकरावीपासून ही दोन्ही चित्रं वेगवेगळ्या पानांवर काढत आले होते. मलाही ते त्याच दिवशी खऱ्या अर्थाने कळलं.

एकदा मी 'सेट सॅम्पल्स १२' देऊन बघितलं. सॅम्पल्स म्हणजे किती ठिपके घ्यायचे तो आकडा. न सांगता तो शंभर घेतो. बारा म्हटल्यावर गोल जिन्याचा जवळजवळ चौकोनी जिना झाला! तेव्हा उमगलं, की मशीनला गोल वळण काढताच येत नाही. तो ठिपक्याला ठिपका सरळ रेघेनेच जोडतो. ठिपके भरपूर आणि जवळजवळ असले, की आपल्या डोळ्यांना ते वळण वाटतं.

आता राहिला तो कोनाचा प्रश्न. तो मात्र लॅपटॉपने नाही, लाटण्याने सुटला. जुन्या वहीचा एक कागद घेतला, त्यावर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत स्केचपेनने तिरकी रेघ मारली आणि कागद लाटण्याभोवती गुंडाळला. रेघेचा जिना झाला, अगदी चित्रातल्यासारखा. उलगडला, की पुन्हा सरळ रेघ. सरळ रेघेचा चढ सगळीकडे सारखाच असणार! गुंडाळल्याने तो बदलत नाही. आमच्या मुंगीपुरतं बोलायचं, तर ती एक पाऊल गोल चालली की अर्धं पाऊल वर जाते, पहिल्या वेढ्यातही आणि तिसऱ्यातही. म्हणून उभ्या अक्षाशी तिचा कोन कायम तोच, सुमारे ६३ अंश. लेकीने तेच मग कागदावर रीतसर लिहून काढलं. वेग काढला, त्याचा वरच्या दिशेचा भाग सगळीकडे ०.५ आला, एकूण वेगही कुठेच बदलत नाही हे दाखवलं, भागाकार केला, संपलं. चार ओळी. "एवढंच होतं?" म्हणाली.

या आकाराला मराठीत जुना शब्द आहे, मळसूत्र. स्क्रूच्या आट्यांचा आकार. माझ्याकडे आईचा पितळी सोऱ्या आहे, वरून पिळायचा. दिवाळीला तो काढला तेव्हा लेक म्हणाली, "आई, याचा दांडा म्हणजे आपला वक्र, आणि खाली पडतेय ती चकली म्हणजे दुसरा!" पिठाचे हात धुऊन आधी लॅपटॉप उघडला. चकलीचं सूत्र आम्ही दोघींनी मिळून शोधलं. वेढ्यागणिक मुंगी मधल्या बिंदूपासून लांब लांब जाते, म्हणून यू गुणिले कॉस यू, यू गुणिले साइन यू, आणि उंची शून्य. चकली ताटात सपाटच असते ना! झेडची व्याप्ती रिकामी असल्याची तक्रार मशीनने पुन्हा केली, पण या वेळी आम्हाला हवीच होती ती. मग शून्याच्या जागी नुसता 'यू' लिहिला, तर चकली मधून खाली टोक काढून उभी राहिली, भोवऱ्याला गुंडाळलेल्या दोरीसारखी. तेल तापून धूर यायला लागला होता, ते नवऱ्याने बघितलं म्हणून बरं.

सगळ्यात जास्त आवडला तो मात्र गाठीचा वक्र. साइन यू अधिक दोन साइन दोन यू; कॉस यू उणे दोन कॉस दोन यू; आणि उंची उणे साइन तीन यू. घड्याळ शून्यापासून दोन पायपर्यंत. वरून बघितलं तर तीन पाकळ्यांची रांगोळी. रेघ स्वतःलाच तीन ठिकाणी छेदते असं वाटतं. पण माउसने जरा तिरकं केलं, की दिसतं, कुठेही छेदत नाही. प्रत्येक ठिकाणी एक धागा वरून गेलाय, एक खालून. टोकं जोडलेली आहेत, म्हणून ती गाठ न कापता सुटतही नाही.

त्याच चित्राकडे बघत असताना लेकीने विचारलं, "आई, तुला हे इतकं येतं, मग तू एम.एस्सी. का सोडलंस गं? खरंच लग्नासाठी?"

मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. ती गाठ समोर हळूहळू फिरत होती. म्हटलं, "नाही. मी नापास झाले होते. याच विषयात. घरी फक्त माझ्या आईला माहीत होतं. स्थळ आलं तेव्हा मला बरंच वाटलं. सुटले म्हटलं."

सव्वीस-सत्तावीस वर्षांनी मी ते वाक्य बोलले. नवऱ्यालाही माहीत नव्हतं. मला वाटलं, तिला धक्का बसेल, आईबद्दल काहीतरी कमी वाटेल. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग तू मला निकालाच्या दिवशीच का नाही सांगितलंस? मला वाटत होतं, आपल्या घरात मी एकटीच अशी आहे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण मुलींना आपले मार्क सांगतो, बक्षिसं सांगतो, सोसलेलं सांगतो. राहून गेलेला पेपर मात्र लग्नाच्या शालूखाली घडी करून ठेवतो. तो दाखवला असता, तर त्या रात्रीचं झाकलेलं ताट कदाचित रिकामं झालं असतं.

लेकीचा पेपर सुटला. बावन्न मार्क. डोक्यावर घेऊन नाचण्यासारखे नाहीत, पण वर्ष वाचलं. पेपरात मळसूत्र आलंच नव्हतं, दुसरंच काहीतरी होतं. "पण ते मला दिसलं," एवढंच ती म्हणाली.

माळ्यावरून मी माझी १९९७ ची वही काढली. पानं पिवळी पडली आहेत. एका पानावर हाच वक्र काढायचा माझा प्रयत्न आहे, चार वेळा खोडलेला, आणि शेजारी सरांनी लाल शाईने लिहिलंय, 'आकृती?' नुसतं प्रश्नचिन्ह. ग्नूप्लॉटमधून चित्र फाइलमध्ये काढता येतं, म्हणजे मग छापता येतं. आधी पीएनजीचं टर्मिनल निवडायचं, मग 'सेट आउटपुट' म्हणून फाइलचं नाव, मग 'रीप्लॉट'. शेवटी 'अनसेट आउटपुट' म्हणायला विसरायचं नाही, नाहीतर फाइल अर्धवट राहू शकते. हे सगळं लेकीने केलं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं आणि त्या लाल प्रश्नचिन्हाशेजारी डिंकाने चिकटवलं.

आता शनिवारी दुपारी ती खिडकी मी एकटीच उघडते. पुढचं प्रकरण पृष्ठभागांचं आहे. ते मला अजून दिसत नाही. पण आता मी तसं मोठ्याने म्हणते, आणि आतल्या खोलीतून लेक म्हणते, "थांब, आले. काय टाइप केलंयस ते बघू."